कोंबडीची रात्रीची जागा

दिवस मावळायला अर्धा-पाऊण तास उरला की परसातल्या कोंबड्यांची चाल बदलते. दिवसभर उकिरड्यावर, गोठ्यामागे, कुंपणाच्या सावलीत पांगलेल्या कोंबड्या एकेक करून घराकडे सरकू लागतात. दाणे टिपण्याचा वेग वाढतो. रात्र काढायची म्हणून गळ्याखालची अन्नाची पिशवी टच्च भरून घेतली जाते. मग खुराड्याच्या दाराशी ये-जा सुरू होते. एक आत जाते आणि लगेच बाहेर येते, दुसरी उंबऱ्यावर थबकते, आत दांडीवरच्या जागेवरून थोडी फडफड आणि टोचाटोची होते. तिन्हीसांजेचा उजेड विरत जातो तशी ही गडबड ओसरते आणि बहुतेक कोंबड्या एकमेकींना खेटून बसतात. एखादी मात्र बाहेरच राहते. ती शेवग्याच्या फांदीवर चढते, गोठ्याच्या आडव्या वाशावर जागा धरते, नाहीतर खुराड्याच्या दाराबाहेर जमिनीवरच अंग चोरून बसते.

अशा कोंबडीला हट्टी म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. पण तिच्या बाहेर राहण्याला बहुधा काहीतरी कारण असते. ते कधी तिच्या वंशाच्या फार जुन्या सवयीत असते, कधी तिच्या डोळ्यांच्या घडणीत, कधी कळपातल्या तिच्या स्थानात, कधी खुराड्यात, तर कधी तिच्या शरीरात. कारण ओळखले तर उपाय सोपा असतो. ते न ओळखता रोज रात्री पकडून आत कोंबले, तर कोंबडी आत राहते खरी, पण त्या जागेला आपली मानत नाही, आणि दुसऱ्या संध्याकाळी पाळणारा दिसताच लांब पळते.

झाडावर चढणारी कोंबडी आपल्या पूर्वजांच्या वाटेने जात असते. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. पाळीव प्राणी व वनस्पतींवरच्या १८६८ सालच्या ग्रंथात चार्ल्स डार्विन याने हे मत मांडले होते, आणि आजच्या जनुकीय अभ्यासांनी त्याला दुजोरा दिला आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने त्यात भर घातली: अनेक पाळीव कोंबड्यांच्या कातडीला आणि पायांना पिवळेपणा देणारे जनुक राखी रानकोंबड्याकडून आलेले आहे. हा राखी रानकोंबडा सह्याद्रीचा जुना रहिवासी; त्याचे तुटक आरवणे घाटमाथ्यावरच्या गावांना पहाटे ऐकू येते. हे दोन्ही पक्षी दिवसभर जमिनीवर पालापाचोळा उकरत फिरतात आणि रात्री झाडावर किंवा बांबूच्या बेटात वर चढून बसतात. जमिनीने पोट भरावे आणि फांदीने जीव राखावा अशी ही वाटणी आहे. माणसाच्या सोबतीला हजारो वर्षे झाली तरी कोंबडीच्या अंगातून ती गेलेली नाही. संध्याकाळ झाली की कोंबडी उंची शोधते. खुराड्यातली दांडी तिला हवी तेवढी उंच नसेल आणि शेजारची फांदी असेल, तर ती फांदी निवडते.

वर कसे चढायचे हे पिल्लू आईकडून शिकते. अंड्यातून बाहेर पडल्यावर सुरुवातीचे काही आठवडे आई जमिनीवरच बसते आणि पिल्ले तिच्या पंखांखाली झोपतात. पिल्लांच्या पंखांत बळ आले की ती संध्याकाळी खालच्या फांदीवर किंवा दांडीवर उडून बसते आणि वरून त्यांना बोलावत राहते. पिल्ले खाली चिवचिवतात, उड्या मारतात, पडतात, पुन्हा चढतात. अंधार पडेपर्यंत बहुतेक वर पोचलेली असतात. देशी कोंबडीने स्वतः वाढवलेल्या पिल्लांना म्हणूनच खुराडा वेगळा दाखवावा लागत नाही. आई जिथे बसते ती त्यांची जागा.

आता मात्र खेड्यापाड्यांतली बरीच पिल्ले आईविना येतात. गिरिराज, वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित जातींची पिल्ले उबवणी यंत्रात जन्मतात आणि दिव्याच्या उबेत सपाट जमिनीवर वाढतात. त्यांना संध्याकाळची हाक घालणारे कोणी नसते. स्वीडनमधल्या अभ्यासांत असे दिसून आले, की लहानपणी दांड्या न मिळालेल्या कोंबड्यांना पुढे उंचावर ठेवलेले खाद्य गाठणे जड जाते. ते अंतर आणि ती उंची त्यांना नीट जोखता येत नाही. असा पक्षी खुराड्याच्या दाराशी घुटमळतो तेव्हा त्याला आत यायचेच नसते असे नाही. पुढे काय करायचे हे त्याला माहीत नसते. पिल्ले तीन-चार आठवड्यांची होण्याआधीच वीतभर उंचीवर एक बुटकी दांडी ठेवली तर पुढचा बराच त्रास वाचतो.

दुसरे कारण डोळ्यांचे. कोंबडीची दिवसाची नजर माणसाहून सरस असते. तिच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी चार प्रकारच्या असतात आणि माणसाला न दिसणारे जंबुपार किरणही तिला दिसतात. ही श्रीमंती उजेडातली. मंद प्रकाशात तिचे डोळे लवकर हार मानतात. शिवाय ती उजेड केवळ डोळ्यांनी जाणत नाही. कवटीतून आत झिरपणारा प्रकाश मेंदूतल्या काही पेशींना आणि तृतीय नेत्रग्रंथीला थेट कळतो, आणि अंधार वाढू लागला की झोपेकडे नेणारे मेलाटोनिन स्रवू लागते. म्हणजे संध्याकाळी कोंबडीच्या हाताशी फार थोडा वेळ असतो. त्या वेळात बाहेर अजून संधिप्रकाश असतो आणि खुराड्याच्या बुटक्या दारातून आत मात्र काळोख दिसतो. ज्या पक्ष्याला काळोखात दिसत नाही त्याने काळोख्या भोकात डोके घालावे ही अपेक्षाच चुकीची आहे. जुन्या कोंबड्यांना आतली प्रत्येक दांडी पाठ असते, म्हणून त्या जातात. नवखी बाहेरच्या उरलेल्या उजेडाला धरून राहते.

जागेची ही आठवण फार चिवट असते. कोंबडी रोज त्याच ठिकाणी, बहुतेक वेळा त्याच दांडीच्या त्याच टोकाला बसते. खुराडा पाच-दहा हात सरकवला तरी काही कोंबड्या जुन्या जागी येऊन उघड्यावर बसलेल्या दिसतात. बाजारातून आणलेली कोंबडी संध्याकाळी आपल्या जुन्या जागेच्या शोधात कुंपणाबाहेर निघून जाते, ते याचमुळे. खेड्यात नव्या कोंबडीच्या पायाला चिंधीने दोरी बांधून तिला खुंटीला अडकवतात किंवा काही दिवस डालग्याखाली ठेवतात, त्यामागे हाच अनुभव आहे. पहिल्या काही संध्याकाळी ती जिथे काढते तिथे तिची रात्र ठरते.

तिसरे कारण कळपातल्या मानाचे. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचावे आणि कोणी निमूट सरकावे याची एक ठरलेली उतरंड असते. नॉर्वेचा प्राणिशास्त्रज्ञ थोर्लेफ श्येल्डेरुप-एब लहानपणापासून कोंबड्यांचे निरीक्षण करत असे. १९२०च्या दशकाच्या आरंभी त्याने ही उतरंड शास्त्रापुढे मांडली आणि पुढे प्राण्यांच्या सामाजिक जीवनाच्या अभ्यासाला त्यातून मोठी चालना मिळाली. प्रत्येक कोंबडी कळपातल्या इतरांना ओळखते. तुरा, डोके आणि चेहऱ्याची ठेवण ही तिची ओळखीची खूण. ओळख पटली की भांडणाची गरज उरत नाही. नवी कोंबडी आली की मात्र ही घडी विस्कटते. तिचे स्थान ठरलेले नसते, म्हणून प्रत्येक जण तिला टोचून पाहतो.

दिवसा अंगणात नव्या कोंबडीला पळायला वाव असतो. चार हात दूर गेले की भांडण संपते. खुराड्यात ही सोय नाही. त्यातून संध्याकाळ ही दांडीवरच्या जागेसाठी हमरीतुमरीची वेळ. वरची, भिंतीकडची, वाऱ्यापासून आडोशाची जागा मानाच्या कोंबड्यांची. नवी कोंबडी आत शिरते, डोक्यावर दोन-तीन जोरकस चोची बसतात आणि ती दाराबाहेर येते. दुसऱ्या दिवशी ती दारापाशी थांबून अंधाराची वाट पाहते. तिसऱ्या दिवशी दाराकडे येतच नाही. पाळणाऱ्याला दिसतो तो हा तिसरा दिवस. पहिल्या संध्याकाळची टोचाटोची त्याने पाहिलेली नसते. संध्याकाळचा अर्धा तास खुराड्याजवळ शांत बसून काय घडते ते पाहणे, हा म्हणूनच या विषयातला सर्वांत उपयोगी अभ्यास आहे.

जुनी, सरावलेली कोंबडी अचानक बाहेर झोपू लागली, तर संशय आधी खुराड्यावर घ्यावा. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखालचा खुराडा दिवसभर तापतो आणि संध्याकाळी आतली भिंत उष्णता सोडत असते. कोंबडीच्या शरीराचे तापमान मुळात ४१ अंश सेल्सिअसच्या आसपास. तिला घामाच्या ग्रंथी नाहीत, चोच उघडी टाकून धापा टाकणे हा तिचा उष्मा उतरवण्याचा मुख्य मार्ग. विदर्भातल्या वैशाखात तिने उघड्यावरची फांदी निवडली तर तिचा निर्णय शहाणपणाचा आहे. हवेचेही तसेच. साचलेल्या ओल्या विष्ठेतून अमोनिया वायू उठतो. तो डोळ्यांना झोंबतो आणि श्वासनलिका खराब करतो. माणूस उभ्याने वास घेतो आणि ठीक आहे म्हणतो. कोंबडीच्या उंचीवर नाक नेले तर खरी स्थिती कळते. बसणाऱ्या कोंबड्यांच्या डोक्यावर, छपरालगत, हवा खेळायला झरोके हवेत. थेट अंगावर येणारा झोत नको.

सर्वांत सहज निसटणारे कारण म्हणजे रात्री बाहेर पडणारे रक्तपिपासू परजीवी. कोंबड्यांची गोचीड आणि तांबडी माइट हे दोघेही दिवसा लाकडाच्या भेगांत, दांडीच्या सांध्यांत, भिंतीच्या फटींत लपून बसतात आणि अंधार पडल्यावर बाहेर येऊन झोपलेल्या पक्ष्याचे रक्त पितात. दिवसा कोंबडी तपासली तर तिच्या अंगावर काही सापडत नाही. खाद्यावाचून दोघेही महिनोन्महिने तग धरतात, म्हणून खुराडा काही दिवस रिकामा ठेवून ते जात नाहीत. तपासणी रात्री करावी लागते. दिवा घेऊन दांडीच्या खालच्या अंगावरून पांढरे फडके ओढले आणि त्यावर रक्ताचे डाग उमटले, तर कोंबड्या आत का येत नाहीत याचे उत्तर मिळाले. मग दांड्या काढून उन्हात तापवणे, भेगा चुन्याने किंवा मातीने लिंपून बुजवणे, सांधे पशुवैद्यकाने सांगितलेल्या औषधाने धुणे, आणि काही दिवसांनी अंड्यांतून निघालेल्या नव्या पिढीसाठी तेच पुन्हा करणे, एवढे सारे करावे लागते. अंगणात राख आणि कोरडी माती मिसळून ठेवली तर कोंबड्या तीत लोळून अंगावरच्या उवा-पिसवा स्वतः कमी करतात.

आणखी एक शक्यता भीतीची. रात्री खुराड्यात साप शिरला, घुशीने पिल्लू ओढले, मांजराने फटीतून पंजा घातला, तर त्या जागेवरचा विश्वास एका रात्रीत उडतो. अशा वेळी एकच नव्हे, अनेक कोंबड्या दाराशी अडतात, माना उंच करून आत पाहतात आणि मागे फिरतात. त्या वेळी हाकलत आत घालण्याआधी खुराड्याचा कोपरान् कोपरा पाहावा. दोन बोटे शिरतील एवढ्या फटीतूनही साप आत येऊ शकतो. जाळी बारीक आणि मजबूत हवी, तळाला जमिनीत पुरलेली हवी आणि दाराची कडी मांजराला किंवा कुत्र्याला ढकलून उघडता येऊ नये अशी हवी.

कारण कोंबडीच्या शरीरातही असू शकते. खुडूक बसलेली कोंबडी अंड्यांवरून उठत नाही. तिला दांडीवर नेण्यात अर्थ नाही. पिसे झडून नवी येत असतात तेव्हा रक्ताने भरलेल्या कोवळ्या पिसांना शेजारणीचा धक्काही दुखतो, म्हणून ती अंतर ठेवते. तळपायाला गळू झाले असेल तर दांडीवर उडी मारणे नको होते. सुधारित जातींचे जड पक्षी उंच दांडीवरून उतरताना आदळतात, मग चढायचे टाळतात. आणि आजारी कोंबडी कळपापासून दूर जाऊन पिसे फुलवून, मान आत ओढून बसते. अशा कोंबडीला इतरांत मिसळण्याचा आग्रह तिच्यासाठी वाईट आणि इतरांसाठी धोक्याचा. तिला वेगळे ठेवून पशुवैद्यकाला दाखवणे हेच बरोबर.

एवढी कारणे समजून घेऊनही कोंबडीला आत आणणे आवश्यकच आहे. रात्री फांदीवर बसलेली कोंबडी जवळजवळ आंधळी आणि अर्धवट झोपेत असते. एक डोळा उघडा ठेवून, मेंदूचा एक भाग जागा ठेवून झोपण्याची सोय निसर्गाने तिला दिली आहे, पण झाडावर चढणाऱ्या उदमांजरापुढे, रानमांजरापुढे किंवा मोठ्या घुबडापुढे ती पुरत नाही. जमिनीवर बसलेलीला कुत्री आणि कोल्हे आहेतच. ज्या भागात बिबट्याचा वावर आहे तिथे तोही. पावसाळ्यात रात्रभर भिजून ती गारठते. बाहेर झोपणारी कोंबडी सकाळी अंडेही बाहेरच, कुठल्यातरी झुडपात घालते. आणि एक नुकसान सहसा लक्षात येत नाही. राणीखेत, म्हणजे खेड्यातली मर किंवा मानमोडी, या रोगाची लस देणारी माणसे पहाटे कोंबड्या सोडण्याआधी येतात, कारण नंतर त्या हाती लागत नाहीत. झाडावरची कोंबडी तेव्हा लसीवाचून राहते, आणि पुढच्या साथीत सगळ्या कळपाला धोका पोचवू शकते. २०१९च्या पशुगणनेत देशातल्या ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदकांपैकी सुमारे ३१.७ कोटी पक्षी परसातले होते. त्यांतले बरेचसे बाई-माणसांच्या हातचे, घरखर्चाला हातभार लावणारे. अशा घरात एक कोंबडी गेली तर ते नुकसान जाणवते.

उपायाची सुरुवात दांडीपासून करावी. दांडी लाकडाची, चार-पाच सेंटीमीटर रुंद, वरून सपाट आणि कडा गोलसर केलेली असावी. म्हणजे पोटाची पिसे बोटांवर पसरतात आणि थंडीत बोटे झाकली जातात. युरोपीय संघाने १९९९ मध्ये केलेल्या नियमात प्रत्येक कोंबडीला किमान १५ सेंटीमीटर दांडी, दोन दांड्यांत ३० आणि भिंतीपासून २० सेंटीमीटर अंतर सांगितले आहे. परसातल्या खुराड्यासाठी कोंबडीमागे वीतभर जागा हा सोपा हिशेब चालतो. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर ठेवल्या तर वरच्या जागेची भांडणे कमी होतात. जड जातींसाठी गुडघाभर उंची पुरे, आणि चढायला आडव्या पट्ट्या ठोकलेली उतरती फळी द्यावी. दांडी अंडी घालण्याच्या खोक्यांपेक्षा उंच असावी. नाहीतर कोंबड्या खोक्यांतच झोपतात आणि ती विष्ठेने भरतात.

नवी कोंबडी आणली असेल तर तिला दोन-तीन आठवडे वेगळे ठेवणे ही पहिली पायरी. बाजारात ती अनेक ठिकाणच्या पक्ष्यांत मिसळलेली असते आणि रोग उघड व्हायला वेळ लागतो. त्यानंतरचा आठवडा जाळीच्या आड काढावा: दोन्हीकडच्यांना एकमेकी दिसाव्यात, पण चोच पोचू नये. याच काळात चेहरे ओळखीचे होतात. एकटी कोंबडी आणण्यापेक्षा दोन आणाव्यात, म्हणजे टोचणी वाटली जाते आणि नवखीला सोबत राहते. जुन्या कळपातली एखादी शांत कोंबडी नवीबरोबर आधी काही दिवस ठेवली तरी उपयोग होतो. खाण्यापिण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, एकमेकांच्या नजरेआड ठेवावीत.

मग जागेची ओळख. नव्या किंवा बाहेर झोपायला लागलेल्या कोंबडीला आठ-दहा दिवस खुराड्यात आणि त्याला जोडलेल्या जाळीच्या अंगणातच ठेवावे. खाणे, पाणी, सावली, लोळायला राख, सारे तिथेच. तिला कोंडण्याचा हेतू शिक्षेचा नाही. संध्याकाळ झाली की इथे काय होते हे तिला पुन्हा पुन्हा अनुभवता यावे, एवढाच आहे. जागा अपुरी असेल तर मात्र हा उपाय उलटतो, कारण टोचणाऱ्यांपासून दूर जायला तिला वाव उरत नाही.

संध्याकाळचा दाणा हा यातला सर्वांत गोड उपाय. ज्वारी, बाजरी, तांदळाची कणी किंवा भरडलेला मका, मूठ-दोन मुठी, रोज त्याच वेळी, तीच हाक घालून खुराड्याच्या आत टाकावा. त्यासाठी कोंबड्यांना दिवसभर उपाशी ठेवण्याची गरज नाही. दुपारनंतर बाहेर खाद्य टाकणे थांबवले तरी पुरते. वेळ महत्त्वाची. पश्चिम महाराष्ट्रात नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तर जूनअखेरीस सव्वासातच्या सुमारास. घड्याळाच्या एकाच काट्यावर दाणा टाकणाऱ्याची वेळ ऋतूबरोबर चुकत जाते. सूर्य पाहून टाकणाऱ्याची चुकत नाही. दाण्याच्या वेळी खुराड्यात एक मंद दिवा लावावा, म्हणजे आतला काळोख बाहेरच्या उजेडाहून गडद वाटत नाही. कोंबड्या दांडीवर बसल्या की दिवा काढावा. रात्रभर ठेवलेला उजेड झोप मोडतो.

एवढे करूनही एखादी बाहेर राहिली, तर तिला उचलून आत ठेवण्याची वेळ अंधार पुरता पडल्यानंतरची. संधिप्रकाशात पाठलाग केला तर ती माणसाला घाबरायला शिकते. अंधारात ती सुस्त असते. मंद दिवा दुसऱ्या बाजूला धरून, हळू बोलत, दोन्ही हातांनी पंख अंगालगत दाबून तिला उचलावे आणि छातीशी धरावे. पाय धरून उलटी लोंबकळत नेऊ नये. त्याने तिला धाप लागते आणि धसकाही बसतो. खुराड्यात छाती दांडीला टेकवली की ती आपसूक पाय वर घेते. शेजार मवाळ कोंबडीचा निवडावा, सगळ्यांना टोचणारीचा टाळावा. अंधारात इतर कोंबड्याही भांडायला उठत नाहीत, आणि सकाळी जाग येते तेव्हा नवी कोंबडी रात्रभर शेजारी बसलेली असते.

खरी कसोटी त्या सकाळी असते. उजेड होताच मानाच्या कोंबड्यांना अनोळखी चेहरा दिसतो आणि दार बंद असते. त्यामुळे दार तांबडे फुटतानाच उघडावे आणि बाहेर दाणा विखरून टाकावा. ही काळजी घेतली नाही तर रात्रीची मेहनत सकाळच्या दहा मिनिटांत वाया जाते. कोंबडीच्या मनात खुराड्याची आठवण टोचणीने भरते आणि संध्याकाळी ती पुन्हा झाडाखाली उभी राहते. किरकोळ टोचणी होणारच, तिच्यात पडू नये. रक्त निघाले तर मात्र जखमी कोंबडीला लगेच वेगळे करावे, कारण लाल रंगावर इतरांच्या चोची धावतात. टोचणारी एकच असेल तर नवीऐवजी तिलाच काही दिवस वेगळे ठेवल्यास अनेकदा तिचा तोरा उतरतो, कारण परतल्यावर तिला आपली जागा पुन्हा कमवावी लागते.

झाडाची सवय लागलेल्या कोंबडीसाठी अजून दोन गोष्टी करता येतात. खालच्या फांद्या छाटणे, शिडीसारखी चढण्याची ठिकाणे हलवणे, वाशाला जाळी लावणे, ही पहिली. एका पंखाची मोठी उड्डाणपिसे कापणे ही दुसरी. पूर्ण वाढलेल्या पिसाला नखासारखीच वेदना नसते, आणि पिसे झडून नवी आली की उड्डाण परत येते. पण पंख छाटलेली कोंबडी दिवसा कुत्र्यापासूनही उडून वाचू शकत नाही. म्हणून मोकळ्या अंगणात चरणाऱ्या कोंबडीचे पंख शेवटचा उपाय म्हणूनच कापावेत.

बहुतेक कोंबड्या सात-आठ दिवसांत रुळतात. भित्र्या किंवा वयस्क कोंबडीला तीन-चार आठवडेही लागतात. बदल पायरीपायरीने दिसतो. आधी ती उचलून ठेवल्यावर दांडीवर टिकते. मग दाराशी स्वतः येऊन उचलले जाण्याची वाट पाहते. मग सगळ्यांच्या शेवटी, अंधार पडता पडता, आत जाते आणि टोकाची जागा धरते. पुढे तिची येण्याची वेळ इतरांच्या वेळेजवळ सरकते. शेवटून आत येणे हे मागे राहण्याचे लक्षण मानू नये. खालच्या मानाच्या कोंबडीने वरच्यांना आधी बसू देणे हा कळपाचा शिरस्ता आहे आणि तो पाळू लागली म्हणजे ती कळपात आली.

त्यानंतरही रोज दार लावताना कोंबड्या मोजण्याची सवय सोडू नये. ऋतू पालटला, नवा पक्षी आला, फळी निखळली, छप्पर तापले, माइट झाली, की कोणीतरी पुन्हा बाहेर राहील. बहुधा ती तीच कोंबडी असेल, कारण सगळ्यांत आधी जिला त्रास होतो ती सगळ्यांत खालची असते. तिचे बाहेर राहणे पाहून खुराडा तपासला तर बाकीच्या कळपाचाही त्रास वेळेवर उमगतो.